घड्याळाला पोहणं कळत नाही, वळणं कळतात

परवा मी स्वतः मोजून ४० लेंथ (या टोकापासून त्या टोकापर्यंत म्हणजे एक लेंथ) मारल्या, २५ मीटरचा पूल, म्हणजे बरोबर १००० मीटर, आणि बाहेर येऊन बघतो तर मनगटावरचं स्मार्ट घड्याळ म्हणतंय १०२५. आता ४१ लेंथ झाल्या असत्या तर मी समोरच्या टोकाला असायला हवं होतं ना, पण माझा टॉवेल तर जिथून सुरुवात केली तिथेच हाताशी होता!

गंमत अशी आहे की पूलमध्ये घड्याळ अंतर मोजतच नाही. पूल किती लांब आहे ते आपणच सेटिंगमध्ये सांगतो, घड्याळ फक्त लेंथ मोजतं आणि गुणाकार करतं. त्यामुळे चुकून ५० मीटर ठेवलं तर २५ च्या पूलमध्ये १ किलोमीटर पोहून २ किलोमीटर मारल्याचं समाधान मिळतं, फुकटात.

मग लेंथ संपली हे त्याला कसं कळतं? आत अ‍ॅक्सेलरोमीटर असतो, तो हाताची हालचाल पकडतो. फ्रीस्टाइल करताना हात एका ठरावीक तालात फिरतो, त्यामुळे सिग्नलमध्ये एकसारख्या लाटा उठत राहतात. भिंत आली की ताल तुटतो, पाय भिंतीला लावून ढकललं की एक झटका बसतो, मग दोन-तीन सेकंद हात पुढे ताणून आपण नुसतं सरकतो, आणि मग ताल पुन्हा सुरू. त्यात बऱ्याच घड्याळांत होकायंत्रासारखा मॅग्नेटोमीटर आणि हात किती वळला हे सांगणारा जायरोस्कोपसुद्धा असतो, दिशा उलटी झाली हे त्यातून कळू शकतं. हे सगळं जुळलं की एक लेंथ जमा.

माझं काय झालं ते आता लक्षात आलं. मधेच गॉगलमध्ये पाणी गेलं म्हणून मी थांबलो, उभा राहिलो, गॉगल नीट केला आणि तळाला पाय मारून परत निघालो. ताल तुटला, झटका बसला, थोडं सरकलो. घड्याळाला वाटलं भिंत आली, त्याची तरी काय चूक!

किकबोर्ड घेतला तर उलटा प्रकार होतो, हात बोर्डवर स्थिर, नुसते पाय चालतात, आणि घड्याळाला वाटतं तुम्ही आराम करताय. यासाठी काही घड्याळांत ड्रिल मोड असतो, त्यात अंतर आपणच हाताने टाकायचं.

स्वॉल्फ नावाचा एक आकडा पण दिसतो, त्याला उगाच घाबरू नका. एका लेंथचे सेकंद अधिक स्ट्रोक (म्हणजे हाताचे फटके), बस. ३० सेकंद आणि १० स्ट्रोक म्हणजे ४०. फक्त बरीच घड्याळं ज्या हातात बांधलंय त्याच हाताचे स्ट्रोक धरतात, त्यामुळे दोन्ही हात मोजणाऱ्या मित्राशी तुलना करून खूश होऊ नका. उंची वेगळी असेल तरी तुलना फसते, आपला आकडा आपल्याच जुन्या आकड्याशी लावावा हे बरं.

जीपीएस पूलमध्ये बहुतेक बंदच असतं, कारण त्या रेडिओ लहरी पाण्यात जरा आत गेल्या की विरतात. समुद्रात किंवा तलावात फ्रीस्टाइल करताना हात दर स्ट्रोकला बाहेर येतो, तेवढ्या क्षणात घड्याळ सॅटेलाइटशी गाठ घालतं आणि मधला रस्ता अंदाजाने जोडतं. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये हात बाहेर येतच नाही फारसा, मग नकाशावरची रेघ कुठेही भटकते. म्हणून काहीजण घड्याळ टोपीखाली ठेवतात, स्ट्रोक मोजले जात नाहीत पण रस्ता बराच नीट येतो.

आणि हार्ट रेट? मनगटावरचा हिरवा लाइट त्वचेतून परत किती येतो यावरून नाडी ओळखतात, पण पट्टा सैल असला की मधे पाणी शिरतं, त्यात हात सतत आपटतोय. पट्टा एक घर घट्ट केला की फरक पडतो. छातीचा पट्टा जास्त भरवशाचा, पण त्याचं ब्लूटूथ पाण्यातून जात नाही, त्यामुळे ज्या पट्ट्यात मेमरी आहे तो आकडे स्वतःकडे साठवतो आणि आपण बाहेर आल्यावर घड्याळाला देतो. म्हणून पाण्यातून निघाल्या निघाल्या सेव्ह दाबून पट्टा काढून टाकू नका, मी दोनदा तसं केलंय आणि दोन्ही वेळा हार्ट रेटचा ग्राफ कोरा.