संशोधन दोघांचे, पेटंट कोणाचे? उद्योग-विद्यापीठ भागीदारीची पार्श्वभूमी

कंपनी आणि विद्यापीठ संशोधनाच्या करारासाठी समोरासमोर बसले की विषय आणि खर्च पुष्कळदा लवकर ठरतात. मसुदा अडकतो तो पेटंटच्या मालकीच्या कलमावर. हे कलम कळीचे का झाले, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

मुंबई विद्यापीठात १९३३ मध्ये रसायन तंत्रज्ञान विभाग, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली यूडीसीटी, सुरू झाला. त्यामागे शहरातल्या कापड गिरण्यांची गरज होती. कापड रसायनशास्त्र हा इथल्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमांपैकी एक. पुढे रंग, औषधे, रसायनांचे कारखाने उभे राहिले आणि माटुंग्यातल्या या विभागाचे प्राध्यापक सल्लागार म्हणून तिथे जाऊ लागले. कारखान्यातली अडचण प्रयोगशाळेत यायची, त्यातून पीएचडीचा विषय निघायचा, आणि तोच विद्यार्थी पुढे उद्योगात मोठ्या जागेवर बसायचा. माझ्या मते भारतातली सर्वांत यशस्वी भागीदारी हीच, आणि ती पेटंटवर उभी नव्हती. स्वातंत्र्यानंतर अहमदाबाद, मुंबई, कोइम्बतूरला कापड उद्योगाच्या सहकारी संशोधन संस्थाही निघाल्या, पण त्या विद्यापीठांबाहेर.

वळण आले अमेरिकेमुळे. तिथे डिसेंबर १९८० मध्ये बे-डोल कायदा झाला आणि सरकारी पैशातून निघालेल्या शोधाची मालकी विद्यापीठांना स्वतःकडे ठेवता येऊ लागली. सरकारकडे सुमारे २८,००० पेटंटे पडून आहेत आणि पाच टक्केही वापरात नाहीत, हा युक्तिवाद तेव्हा गाजला. त्यातली बरीचशी संरक्षण खात्याच्या कंत्राटांतली होती आणि कंत्राटदारांनीच ती नाकारली होती, हे फारसे बोलले गेले नाही. स्टॅनफर्डचे जनुक जोडण्याचे नावाजलेले पेटंट तर १९७४ च्या अर्जाचे, म्हणजे कायद्याच्या आधीचे. ते वापरण्याचे परवाने कोणा एकाला राखून न देता मागेल त्या कंपनीला दिले गेले, आणि तरीही त्याने स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाला मिळून पंचवीस कोटी डॉलरच्या आसपास मिळवून दिले.

भारताने हेच प्रारूप उचलायचे ठरवले. डिसेंबर २००८ मध्ये राज्यसभेत सरकारी निधीतल्या बौद्धिक संपदेचे विधेयक आले. शोध लागला की संशोधकाने तो संस्थेला कळवायचा, संस्थेने सरकारला, तोवर प्रसिद्ध करायचा नाही, चुकल्यास दंड. उत्पन्नातला किमान ३० टक्के वाटा संशोधकाला. वाटा कोणाला नको होता असे नाही. पण शोधनिबंध रोखून धरायचा आणि कागदपत्रे राहिली म्हणून शास्त्रज्ञाला दंड करायचा, हे अनेकांना पटले नाही. सरकारी पैशातून निघालेले औषध एकाच कंपनीच्या मुठीत जाईल, हा आक्षेप त्याहून गंभीर होता. विधेयक स्थायी समितीकडे गेले, रेंगाळले आणि २०१४ मध्ये मागे घेतले गेले. मागे घेणे योग्यच होते. त्याच्या जागी काहीच न आणणे ही मात्र मोठी चूक झाली. ब्रिटनने २००५ मध्येच विद्यापीठे आणि कंपन्यांसाठी नमुना करारांचा संच काढला होता: मालकीचे निरनिराळे पर्याय, आणि वापर ऐच्छिक.

आपल्याकडे प्रत्येक संस्थेचे धोरण वेगळे राहिले. सल्लागारीतून निघालेले बहुधा कंपनीचे. प्रायोजित, म्हणजे कंपनीच्या पैशातल्या, प्रकल्पातले कुठे संस्थेचे, कुठे दोघांचे. वाटाघाटी अडल्या की ‘संयुक्त मालकी’ लिहून मोकळे होतात. ऐकायला ते न्याय्य वाटते, पण पेटंट कायद्याचे कलम ५० वाचले की अडचण दिसते. करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर प्रत्येक सहमालक तो शोध स्वतः वापरू शकतो आणि दुसऱ्याला त्याचा हिशेब देणे लागत नाही. मात्र परवाना द्यायचा तर दुसऱ्याची संमती लागते. समजा, तळोज्याच्या एका कंपनीने आणि एका विद्यापीठाने मिळून नवा उत्प्रेरक शोधला. कंपनीकडे रिअॅक्टर, म्हणजे रसायने बनवण्याचे संयंत्र, आहे. ती उद्यापासून माल काढेल. विद्यापीठ कारखाना चालवत नाही. त्याला कमवायचे तर परवानाच द्यावा लागणार, आणि तोही कंपनी ‘हो’ म्हणेल तेव्हाच. पेटंटवर विद्यापीठाचे नाव राहते, उत्पन्न येत नाही. हे करारातच वेगळे ठरवता येते, पण त्यासाठी विद्यापीठाकडे जाणकार वकील लागतो, आणि राज्य विद्यापीठांत नेमकी त्याचीच वानवा आहे.

गेल्या दहा वर्षांत योजना भराभर आल्या. २०१५ च्या उच्चतर आविष्कार या संयुक्त संशोधनाच्या सरकारी योजनेत उद्योगाने खर्चाचा चौथा हिस्सा उचलायचा होता. दुसरीकडे, विद्यापीठाला मंजूर संशोधनासाठी पैसे देणाऱ्या कंपनीला मिळणारी दुप्पट करवजावट २०१७-१८ पासून दीडपट झाली आणि २०२०-२१ पासून दिलेल्या रकमेइतकीच उरली. एका हाताने बोलवायचे आणि दुसऱ्या हाताने सवलत काढायची, असा हा प्रकार. २०२१ मध्ये शिक्षणसंस्थांची पेटंट फी ८० टक्क्यांनी उतरली. राष्ट्रीय क्रमवारीत पेटंटला गुण असल्याने अर्ज करण्याकडे संस्थांचा ओढा वाढला. परवाना देण्याची घाई मात्र कोणाला नाही.

२०२३ च्या कायद्याने संशोधनाला निधी देणारे राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान उभे राहिले. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांच्या निधीचा अंदाज, त्यातले ३६,००० कोटी मुख्यतः उद्योग आणि देणगीदारांकडून अपेक्षित. २०२५ मध्ये खासगी क्षेत्रातल्या संशोधनासाठी एक लाख कोटींची योजना मंजूर झाली. हा पैसा प्रयोगशाळांपर्यंत पोचेल तो करारांतूनच, आणि ते करार आजही प्रत्येक संस्था आपापल्या मसुद्यावर करते आहे.