सुरवंटाच्या पोटदुखीवरून भांडण झालंच नव्हतं

एरिक कार्ल यांच्या ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ या लहान मुलांच्या चित्रपुस्तकातला सुरवंट शनिवारी केक, आइस्क्रीम, सलामी असे दहा पदार्थ फस्त करतो आणि रात्री त्याचं पोट दुखतं. ही पोटदुखी प्रकाशकांनी लादली, कार्ल त्यावरून कडाडून भांडले, असं त्यांच्या तोंडचं वाक्य मे २०२१मध्ये ते गेल्यावर जगभर फिरलं. ते खोटं आहे. ‘पॅरिस रिव्ह्यू’ या साहित्यिक नियतकालिकाने २०१५ साली एप्रिल फूल म्हणून रचलेल्या मुलाखतीतलं ते वाक्य.

मला याचं वाईट वाटतं, कारण खरी हकीकत नेमकी उलट आहे. कागदाच्या गठ्ठ्याला पंचने भोकं पाडताना कार्लना पुस्तकं कुरतडणारा किडा सुचला. नाव विली. संपादक ॲन बेनेड्यूस यांना किडा काही रुचेना. सुरवंट केला तर, असं त्यांनी सुचवलं आणि कार्लना लगेच पुढचं फुलपाखरू दिसलं! पानापानांत भोकं असलेलं पुस्तक परवडेल अशा खर्चात छापणारं अमेरिकेत कुणी मिळेना, तेव्हा बेनेड्यूस यांनीच जपानमध्ये छापखाना गाठला. १९६९ साली पुस्तक आलं, भोकांसकट.