मधुमेही कर्मचाऱ्यांचे हक्क (इंदूर)

मधुमेह हे नोकरी नाकारण्याचे किंवा काढून घेण्याचे कारण ठरू नये, आणि आजार सांभाळून काम करता येईल एवढा वेळ व सोय कामाच्या जागी मिळावी, या मागणीशी संबंधित कायदे, नियम आणि प्रत्यक्षातली रीत यांची ही नोंद. भारतात या विषयाचा वेगळा कायदा नाही. जे संरक्षण आहे ते कामगार विमा, कारखान्यांचे नियम, दिव्यांग कायदा, प्रसूती लाभ अशा ठिकाणी विखुरलेले आहे. त्यातले बरेचसे डोळा, पाय किंवा मूत्रपिंड यांवर आजाराचा घाव पडल्यानंतरच हाती लागते. त्याआधीची कितीतरी वर्षे माणूस शुगर सांभाळत रोज कामावर जात असतो. तो काळ कायद्याच्या नजरेतून जवळजवळ निसटलेला आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे 10.1 कोटी मधुमेही आहेत आणि आणखी 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. इतक्या मोठ्या संख्येचा अर्थ असा की जवळपास प्रत्येक कार्यालयात, प्रत्येक शिफ्टमध्ये कुणी ना कुणी मधुमेही असणारच. इंदुरात मधुमेह हा शब्द मराठी घरांतही क्वचितच ऐकू येतो. ‘त्यांना शुगर आहे’ एवढेच म्हणतात, तेही अनेकदा आवाज खाली आणून.

नोकरीच्या दृष्टीने या आजाराचा गाभा घड्याळात आहे. इन्सुलिन घेणाऱ्याला, किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांवर असलेल्याला, जेवण तासभर पुढे गेले तरी शुगर खाली येण्याचा धोका असतो. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्याला हा धोका फारच कमी. म्हणजे एकाच खात्यातल्या दोन मधुमेहींची गरज सारखी नसते, आणि ‘अमक्याला पण शुगर आहे, तो तर काही मागत नाही’ हा साहेबांचा नेहमीचा युक्तिवाद इथेच कोसळतो. रक्तातील साखर दर डेसिलिटरला 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम सुटतो, हात कापतात, डोके चालेनासे होते. अशा वेळी सुमारे 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घ्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा बोट टोचून पाहायचे, हा सर्वमान्य उपाय. शुगर आणखी उतरली की जीभ जड होते, माणूस असंबद्ध बोलतो, तोल जातो. बघणाऱ्याला तो प्यालेला वाटतो. फाटकावरचा पहारेकरी किंवा सुपरवायझर हे न ओळखता मेमो लिहायला बसला, तर ज्याला साखर द्यायची त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई सुरू होते. म्हणून लो शुगरची लक्षणे प्रथमोपचार शिकलेल्यांनाच नव्हे, तर पहारेकऱ्यालाही ठाऊक हवीत.

पीथमपूरची औद्योगिक वसाहत धार जिल्ह्यात येते, पण तिथे काम करणाऱ्यांतले पुष्कळ जण इंदुरात राहतात आणि कंपनीच्या बसने जातात. सकाळच्या शिफ्टसाठी घर अंधारातच सोडावे लागते. इन्सुलिन घरी घ्यायचे की पोचल्यावर, नाश्ता कोपऱ्यावरचे पोहे की कँटीनमधला, बस वाटेत अडकली तर काय, हे सगळे हिशेब ती बस पकडणाऱ्यालाच करावे लागतात. फिरत्या शिफ्टमध्ये हाच हिशेब दर आठवड्याला नव्याने मांडायचा. डॉक्टरांच्या सल्ल्याने कायम एकच शिफ्ट मिळावी ही मागणी म्हणूनच सर्वांत जास्त होते. दुसरी मागणी फ्रिजची. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश तापमानात ठेवावे लागते. वापरातली कुपी किंवा पेन साधारण महिनाभर बाहेर टिकते, पण माळव्याच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखालच्या लॉकरमध्ये औषध निकामी होऊ शकते. फ्रिज नसेल तिथे ओल्या मातीच्या मडक्यात ठेवण्याची जुनी युक्ती चालते. पण कार्यालयात दूध-दह्यासाठी फ्रिज असताना इन्सुलिनला त्यात जागा मागावी लागणे बरोबर नाही. तिसरी गोष्ट पायांची. नसांची संवेदना कमी झालेल्याला सुरक्षा बुटाने पडलेला फोड कळतच नाही, म्हणून बुटाचा नंबर व आतला तळवा नीट असणे हा त्याच्यासाठी चैनीचा विषय नाही.

कायद्यात यातले काय सापडते? कारखाने अधिनियम 1948 च्या 55 व्या कलमाने सलग पाच तासांहून अधिक काम घेण्यास बंदी घातली आणि मध्ये किमान अर्ध्या तासाची सुट्टी ठरवली. 250 हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कँटीन आणि ठरावीक संख्येमागे प्रथमोपचार पेटी यांची तरतूदही त्यातलीच. हे नियम निरोगी कामगार डोळ्यांपुढे ठेवून केलेले होते, तरी मधुमेहींना आजवर सर्वाधिक उपयोग यांचाच झाला आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू होऊन हा आणि इतर जुने कामगार कायदे त्यांत सामावले गेले. त्यांच्याबरोबर सरकारने 40 वर्षांवरील कामगारांसाठी वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी जाहीर केली. तपासणी चांगलीच, मात्र तिचा अहवाल कुणाच्या टेबलावर जातो, हा प्रश्न कामगाराने पहिल्याच दिवशी विचारावा.

सर्वांत ठोस आधार कर्मचारी राज्य विम्याचा, म्हणजे इंदुरी भाषेत ‘बीमा’चा. गिरणी कामगारांची वसाहत असलेल्या नंदानगरातले बीमा हॉस्पिटल शहरात सर्वांना माहीत आहे. 2017 पासून दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेले कर्मचारी या योजनेत येतात. 2019 पासून कर्मचाऱ्याची वर्गणी वेतनाच्या 0.75 टक्के आणि मालकाची 3.25 टक्के आहे. सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वर्षातून 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन मिळते. याहून मोलाची आणि फारशी कुणाला ठाऊक नसलेली तरतूद विस्तारित आजारपण लाभाची. त्यातील 34 दीर्घ आजारांच्या यादीत मधुमेहाचे नाव आहे, पण अटीसह: डोळ्याच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या वाढण्याचा विकार, मधुमेही पाय किंवा मूत्रपिंडाचा विकार सोबत असला पाहिजे. दोन वर्षांची सलग नोकरी आणि पुरेशी वर्गणी असल्यास 80 टक्के वेतन दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. आजारपण लाभ चालू असताना मालकाने कामावरून काढू नये, पदावनत करू नये, शिक्षा करू नये, असे 1948 च्या विमा कायद्याचे 73 वे कलम सांगत आले. पगार 21,000 च्या वर गेला की मात्र हे सारे छत्र निघून जाते. आयटी कंपन्यांच्या सुपर कॉरिडॉर भागातला संगणक अभियंता कंपनीच्या गटविम्यावर आणि मॅनेजरच्या मर्जीवर उरतो.

याच्या उलट बाजूला एक धारदार अपवाद होता. औद्योगिक विवाद अधिनियम 1947 मध्ये ‘सततच्या आजारपणामुळे’ नोकरी संपवली तर ती कामगारकपात मानली जात नव्हती, म्हणजे कपातीची भरपाई लागू होत नव्हती.  नजर अधू झाल्याने काढलेल्या राजस्थानच्या बसचालकांच्या खटल्यात, आनंद बिहारी प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये हा अपवाद मान्य केला, पण महामंडळाला चालकांसाठी पर्यायी काम शोधण्यास आणि ते नसल्यास सेवेच्या वर्षांच्या प्रमाणात जादा भरपाई देण्यास सांगितले. मधुमेहाने नजर गेलेल्या चालकाला हा निकाल जवळचा आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या अनुसूचीत 21 प्रकार आहेत. हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकल सेल आहेत, मधुमेह नाही. त्यामुळे मधुमेही माणूस अंधत्व, अल्पदृष्टी किंवा पाय कापला जाणे यांतून या कायद्यात शिरतो. मग सरकारी नोकरीत 20 व्या कलमाने त्याला काढता येत नाही, पदही कमी करता येत नाही. दुसऱ्या कामावर त्याच वेतनश्रेणीत घ्यावे लागते. पाय जाण्याआधी दहा मिनिटांची सुट्टी मागणाऱ्याला मात्र हे कलम काही देत नाही. इथे विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग (2021) हा निकाल महत्त्वाचा आहे. परीक्षेत लेखनिक मागणाऱ्या उमेदवाराला 40 टक्के दिव्यांगत्वाच्या मापदंडात बसत नाही म्हणून सोय नाकारणे सर्वोच्च न्यायालयाने चूक ठरवले आणि वाजवी सोय हा हक्क त्या टक्केवारीला बांधलेला नाही असे सांगितले. टाइप वन, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच न होणाऱ्या, मधुमेहालाही दीर्घकालीन शारीरिक उणीव मानून हाच तर्क लावावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने 2017 पासून टाइप वन असलेल्या मुलांना परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी जवळ ठेवू दिले. तीच मुले आज नोकरीच्या वयात आली आहेत.

परदेशात ही दरी बरीच भरली गेली आहे. अमेरिकेत 2008 च्या दुरुस्तीने अंतःस्रावी ग्रंथींचे कार्य दिव्यांगत्वाच्या व्याख्येत आले आणि मधुमेहींचा दावा सोपा झाला.

गर्भारपणातल्या मधुमेहाचा विचार वेगळा करावा लागतो. प्रसूती लाभ अधिनियम 1961 मध्ये 2017 पासून 26 आठवड्यांची रजा आहे, आणि गर्भारपणातून उद्भवलेल्या आजारासाठी आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळू शकते. अर्जात ‘शुगर वाढली’ असे न लिहिता डॉक्टरांकडून गर्भारपणाशी संबंध स्पष्ट लिहून घ्यावा.

कायद्याबाहेरचा त्रास बहुतेक वेळा प्रेमाच्या रूपात येतो. इंदूर हे खाण्या-खिलवण्यावर जीव टाकणारे शहर. होळकरांच्या काळापासून इथे रुजलेल्या मराठी घरांची माणसे बँका, शाळा, वीज कंपनी, न्यायालये अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या नोकरी करत आली, आणि तिथे वाढदिवस, बढती, कुणाच्या मुलाचा निकाल, सगळ्याला पोहे-जिलेबी किंवा कचोरी येते. संक्रांतीला ‘एवढ्याशा तिळगुळाने काय होतंय, काकू?’ असा आग्रह होतो. नाही म्हटले तर राग, घेतले तर संध्याकाळी शुगर वर. त्याच माणसाने दुपारी साडेबाराला डबा उघडला की ‘एवढ्या लवकर?’ म्हणून सगळे वळून पाहतात. इंजेक्शन तर पुष्कळ जण स्वच्छतागृहात जाऊन घेतात, आणि ती जागा त्यासाठी सर्वांत वाईट. टाइप वन असलेल्या मुली नोकरीत आजार लपवतात तो साहेबांपेक्षाही स्थळांच्या भीतीने. कार्यालयात कळले की समाजात कळायला वेळ लागत नाही. म्हणून आजाराची माहिती गुप्त राहणे हा त्यांच्या दृष्टीने पहिला हक्क आहे आणि शिफ्ट, फ्रिज त्यानंतर.

दाद मागण्याच्या बाबतीत इंदूरकरांची सोय बरी आहे. मध्य प्रदेशच्या श्रम आयुक्तांचे मुख्य कार्यालय, राज्य लोकसेवा आयोग आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ, तिन्ही शहरातच आहेत. तिथे जाण्याआधी कागद मात्र तयार हवा. ‘रुग्णास मधुमेह आहे’ एवढ्या पर्चीने काही साधत नाही. दर किती तासांनी खायचे, तपासणी व इंजेक्शनसाठी किती मिनिटे लागतात, रात्रपाळी चालेल की नाही, उंचीवर किंवा फिरत्या यंत्राजवळ काम करता येईल का, हे डॉक्टरांकडून नेमके लिहून घ्यावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेऊन ती प्रत घरी ठेवावी.