कूसेवित्स्की, सर्गेई

(२६ जुलै १८७४ – ४ जून १९५१). रशियात जन्मलेले अमेरिकन वाद्यवृंदसंचालक, डबल बास (व्हायोलिनच्या जातीचे सर्वांत मोठे, खर्जातले तंतुवाद्य) वाजवणारे वादक आणि संगीतप्रकाशक. समकालीन रचनाकारांकडून नव्या कृती लिहवून घेणे, त्या छापणे आणि श्रोत्यांच्या कानांवर पुनःपुन्हा घालणे या कामाला त्यांनी आयुष्य वाहिले.

मॉस्कोच्या वायव्येस असलेल्या विश्नी वोलोच्योक या गावी एका ज्यू वादककुटुंबात त्यांचा जन्म झाला. मॉस्कोत ते डबल बास शिकले, कारण त्या वाद्यासाठी शिष्यवृत्ती मिळत असे. १८९४ मध्ये ते बोल्शोई नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात रुजू झाले. १९०५ मध्ये चहाच्या एका धनाढ्य व्यापाऱ्याची मुलगी नतालिया उश्कोवा हिच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पुढील सर्व उपक्रमांना लागणारा पैसा या विवाहामुळे हाती आला. १९०८ मध्ये त्यांनी बर्लिन फिलहार्मनिक वाद्यवृंद स्वखर्चाने ठरवून संचालक म्हणून पदार्पण केले. त्या मैफलीत रशियन रचनाकार रखमानिनोव्ह यांच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्तोत (पियानो व वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) स्वतः रखमानिनोव्ह पियानोवर होते.

नवी कृती एकदा वाजवून भागत नाही, तिची संगीतलिपी छापून इतर वादकांपर्यंत पोहोचली तरच ती टिकते, हे त्यांनी फार लवकर ओळखले असावे. १९०९ मध्ये त्यांनी व नतालियाने स्थापन केलेल्या प्रकाशनसंस्थेने स्क्र्याबिन, स्त्राविन्स्की आणि प्रोकोफियेव्ह यांच्या कृती छापल्या. रशियन क्रांतीनंतर, १९२० मध्ये, त्यांनी मायदेश सोडला. पॅरिसमध्ये त्यांनी स्वतःच्या नावाची मैफलमालिका चालवली. मूळच्या पियानोसाठी लिहिलेल्या मुसोर्गस्की यांच्या ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’ या रचनेचे वाद्यवृंदासाठी रूपांतर त्यांनी रावेल यांच्याकडून करवून घेतले आणि १९२२ मध्ये ते प्रथम सादर केले. आज ही कृती बहुतेक याच रूपात ऐकली जाते.

१९२४ ते १९४९ अशी पंचवीस वर्षे ते बॉस्टन सिम्फनी वाद्यवृंदाचे प्रमुख संचालक होते. वाद्यवृंदाच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त त्यांनी स्त्राविन्स्की, प्रोकोफियेव्ह, रूसेल, हिंडेमिट आदींना नव्या रचना लिहायला सांगितल्या. स्त्राविन्स्की यांची ‘सिम्फनी ऑफ साम्स’ त्यांपैकीच एक होय. युरोपीय नावांनाच मान देण्याच्या त्या काळात त्यांनी आरन कोपलंड, रॉय हॅरिस, विल्यम शूमन यांसारख्या तरुण अमेरिकन रचनाकारांना नियमित स्थान दिले. विशेष म्हणजे अपरिचित संगीतलिपी नुसती डोळ्यांनी वाचून मनात ऐकण्यात ते कच्चे होते आणि पॅरिसमध्ये पियानोवादक निकोलस स्लोनिम्स्की यांच्याकडून ती पियानोवर वाजवून घेत. ही उणीव असूनही अनोळखी कृतींच्या वाटेला जाण्याचे त्यांनी कधी टाळले नाही, आणि त्यांचे मोठेपण याच चिकाटीत आहे.

१९४२ मध्ये नतालिया निवर्तल्या. त्यांच्या स्मरणार्थ स्थापलेल्या कूसेवित्स्की म्यूझिक फाउंडेशनचे कार्य हा या कारकिर्दीतील सर्वांत फलदायी भाग म्हणावा लागेल. १९४३ मध्ये हंगेरियन रचनाकार बेला बार्टोक न्यूयॉर्कमधील रुग्णालयात होते. प्रकृती ढासळलेली, उत्पन्न तुटपुंजे आणि लेखन जवळजवळ थांबलेले. कूसेवित्स्की स्वतः त्यांना भेटायला गेले, १,००० डॉलर मानधनाची रचना त्यांच्याकडे सोपवली आणि निम्मी रक्कम आगाऊ दिली. त्यातून जन्मलेला ‘कॉन्चेर्तो फॉर ऑर्केस्ट्रा’ १ डिसेंबर १९४४ रोजी बॉस्टनमध्ये कूसेवित्स्की यांच्याच संचालनाखाली प्रथम वाजला. सप्टेंबर १९४५ मध्ये बार्टोक वारले. म्हणजे ही भेट काही वर्षांनी घडती, तर विसाव्या शतकातील एक अत्यंत लोकप्रिय वाद्यवृंदरचना लिहिलीच गेली नसती. इंग्रज रचनाकार बेंजामिन ब्रिटन यांचा ‘पीटर ग्राइम्स’ हा ऑपेरा (संगीत नाटक), शोनबर्ग यांची ‘अ सर्व्हायव्हर फ्रॉम वॉर्सा’ आणि मेसियाँ यांची दहा भागांची ‘तुरंगलीला’ सिम्फनी याच फाउंडेशनच्या पाठबळाने लिहिली गेली.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील टँगलवुड येथे १९४० मध्ये त्यांनी उन्हाळी संगीतविद्यालय सुरू केले. पहिल्याच वर्षी तेथे शिकलेले अमेरिकन संचालक लिओनर्ड बर्नस्टाइन यांनी १९४९ मध्ये ‘तुरंगलीला’चे प्रथम सादरीकरण केले. मुंबईत जन्मलेले वाद्यवृंदसंचालक झुबिन मेहता हेही १९५८ मध्ये टँगलवुडचे पारितोषिक विजेते होते.

बॉस्टन येथे त्यांचे निधन झाले. फाउंडेशन आजही नव्या रचनांसाठी मानधन देते आणि त्या रचनांची हस्तलिखिते वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन केली जातात.