ग्वान्तानामोचा '९९ वर्षांचा करार': खुलासा

'क्युबाने ग्वान्तानामोचा उपसागर अमेरिकेला ९९ वर्षांच्या कराराने दिला, मुदत संपली तरी अमेरिका हटत नाही,' असा मजकूर अनेक वर्षं फिरतोय. खरा वाटतो, कारण हाँगकाँगच्या काही भागाचा करार खरोखरच ९९ वर्षांचा होता. गल्लत बहुधा तिथूनच झाली असावी.

ग्वान्तानामोच्या १९०३ च्या करारात वर्षांचा आकडाच नाही. कोळसा भरण्यासाठी आणि नौदलासाठी 'गरज असेल तोवर' जागा, एवढंच. भाडं वर्षाला २,००० सोन्याचे डॉलर.

क्युबा स्वतंत्र झाला मे १९०२ मध्ये. पण स्पेनशी झालेल्या युद्धानंतर क्युबात थांबलेलं अमेरिकी सैन्य निघण्याआधीच, १९०१ मध्ये, क्युबाच्या राज्यघटनेत अमेरिकेच्या अटी घालून घेतल्या होत्या: नौदल तळांसाठी जमीन द्यायची आणि गरज वाटल्यास अमेरिकेने हस्तक्षेप करायचा. १९०६ मध्ये तसा हस्तक्षेप झालाही. शिवाय क्युबाच्या साखरेला अमेरिकेत जकातीत २० टक्के सूट. म्हणजे गिऱ्हाईकही तेच आणि पहारेकरीही तेच! अशा स्थितीत दिलेली संमती कितपत मोकळी, हा रास्त प्रश्न आहे. मुदत संपण्याचा मुद्दा मात्र त्यात बसत नाही.

पडताळायचं तर १९३४ च्या क्युबा-अमेरिका तहाचं तिसरं कलम वाचा. हस्तक्षेपाचा हक्क त्या तहाने रद्द झाला, तळ मात्र राहिला: दोघांनी मिळून बदल केला किंवा अमेरिकेने जागा सोडली, तरच करार संपेल. क्युबा १९५९ नंतर भाड्याचे धनादेश वटवत नाही. एकच वटला, तोही गोंधळात, असं क्युबाचं म्हणणं.