हेलिकॉप्टरने झाड काढायचंय? अमेरिकेतली परवानगी नेमकी कुठे अडते

घरामागे उतार, उतारावर वाळलेलं अ‍ॅशचं झाड, आणि क्रेन ड्राइव्हवेच्या पुढे जाऊच शकत नाही. अ‍ॅशची झाडं मारणारा एमराल्ड अ‍ॅश बोरर हा किडा 2002 मध्ये मिशिगनमध्ये सापडला, 2014 मध्ये न्यू जर्सीत पोचला, आणि आता हे रडगाणं इथल्या आपल्या मराठी घरांतूनही ऐकू येतं. मेलेलं अ‍ॅश इतकं ठिसूळ होतं की झाडावर चढून काम करणारे त्याला हात लावायला तयार नसतात. मग कुणीतरी व्हिडिओ दाखवतं: लांब दोराला टांगलेलं खोड घेऊन हेलिकॉप्टर निघालंय. ‘चला, आपणही परमिट काढू’ असं ठरतं, आणि गाडी इथेच चुकते.

कारण हे परमिट घरमालकाला मिळतच नाही. त्याच्यासाठी तसा फॉर्मच नाही. दोराने ओझं उचलण्याचा अधिकार हेलिकॉप्टर कंपनीला असतो, एफएए या अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या नियमावलीतल्या भाग 133 खाली, आणि त्याचं वेगळं सर्टिफिकेट असतं. तुमचं काम ते तपासून घेणं. त्यावर क्लास बी असायला हवा, म्हणजे जमिनीवरून पूर्ण उचललेलं आणि गरज पडल्यास सोडून देता येणारं ओझं. ज्या हेलिकॉप्टरने काम होणार, त्याचा नोंदणी क्रमांक कंपनीच्या मंजूर यादीत आहे का, हेही विचारा. विचारायला संकोचू नका, चांगली कंपनी चिडत नाही.

मुदतीबद्दल एक गोंधळ नेहमीचा. सर्टिफिकेट ज्या महिन्यात मिळालं, त्यानंतरच्या चोविसाव्या महिन्याच्या अखेरीस ते संपतं. 10 मार्च 2024 चं सर्टिफिकेट 31 मार्च 2026 पर्यंत चालतं, 10 मार्चपर्यंत नव्हे. पण खरी चूक याच्या उलट होते. सर्टिफिकेट चालू आहे म्हणजे काम सुरू करायला हरकत नाही, असं लोक धरून चालतात. दाट वस्तीवरून ओझं न्यायचं असेल तर प्रत्येक कामासाठी स्वतंत्र आराखडा करून एफएएच्या त्या भागाची जबाबदारी असलेल्या फ्लाइट स्टँडर्ड्स कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते. मागच्या वर्षी शेजारच्या टाउनमध्ये मिळालेली मंजुरी तुमच्या अंगणात चालत नाही.

आता वस्ती दाट की विरळ, हे कुणी ठरवायचं? नियमात ‘दाट वस्ती’ची व्याख्याच नाही. जागा बघून निर्णय घेतला जातो. म्हणजे जो शब्द तुमचं काम अडवू शकतो, त्याचा अर्थ कागदावर कुठेच सापडत नाही. एक-एक एकराचे प्लॉट आहेत म्हणून आपलं गाव सुटलं, असं समजू नका. कंपनीला आधीच कार्यालयाशी बोलायला लावा.

त्या आराखड्यात उड्डाणाचा मार्ग आणि उंची दाखवणारा नकाशा लागतो. जवळ विमानतळ असेल तर हवाई वाहतूक नियंत्रणाशी समन्वय करावा लागतो. ही दोन्ही कामं कंपनी करते. घोडं पेंड खातं ते तिसऱ्या कागदापाशी: स्थानिक प्रशासनाशी केलेला करार, की त्यांचे अधिकारी कामाच्या जागेत इतर कुणाला येऊ देणार नाहीत. हा कागद कुणाकडेच तयार नसतो. टाउनच्या कचेरीत गेलात की ‘हे पोलिसांकडे’, पोलिसांकडे गेलात की ‘हे एफएएचं’, आणि एफएए पुन्हा टाउनचा कागद मागतं. शेवटी वैतागून लोक टाउनचं झाड तोडण्याचं परमिट जोडतात. ते लागतंच, पण ते झाडापुरतं. माणसं दूर ठेवण्याची हमी त्यात नसते. ‘आमची हरकत नाही’ एवढ्या एका ओळीचं पत्रही पुरत नाही.

उपाय असा: मसुदा कंपनीकडून घ्या, त्यांचा आधी कुठे मंजूर झालेला असेल तर उत्तमच. त्यात तारीख, वेळ, बंद होणारे रस्ते, आणि माणसं कोण अडवणार हे स्पष्ट लिहिलेलं असू द्या. पर्यायी तारीखही घाला. वारा सुटला की काम पुढे ढकलतात, आणि एकच तारीख लिहिलेली असेल तर पुन्हा पहिल्यापासून फेऱ्या.

शेजाऱ्यांना शेवटी सांगू, असं करू नका. मार्ग असा हवा की अडचणीत ओझं सोडून हेलिकॉप्टर उतरवता यावं आणि खाली कुणाला धोका होऊ नये. म्हणून मार्गाखालची घरं तेवढ्या वेळेपुरती रिकामी करायला सांगितलं जातं. एका घराने नकार दिला तर मार्ग बदलावा लागतो, आणि नकाशाही.

आणखी एक खाच. लष्करातून निवृत्त झालेली जुनी ह्यूई हेलिकॉप्टरं बऱ्याचदा ‘रिस्ट्रिक्टेड’ प्रवर्गात, म्हणजे ठरावीक कामांपुरतीच मान्यता असलेल्या, नोंदलेली असतात. दाट लोकवस्तीवरून असं ओझं न्यायला त्यांना मनाई आहे, आराखडा कितीही सुबक असला तरी. कोटेशन स्वस्त का आलं याचं उत्तर कधीकधी इथेच मिळतं.

बाकीचं नेहमीचं: एचओएची (घरमालकांच्या संघटनेची) संमती, कंपनीच्या विम्याचा दाखला, झाडावर चालू घरटं नाही ना याची पाहणी (1918 चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा अजून लागू आहे). आणि हो, मुलांना हेलिकॉप्टरमध्ये बसवता येणार नाही. त्या कामाशी थेट संबंध असलेल्या माणसांनाच आत बसता येतं.

पैसे भरण्याआधी एकदा झाडवाल्याला स्पायडर लिफ्टबद्दल विचारा. पट्ट्यांवर चालणारी ही लिफ्ट बागेच्या फाटकातून आत येते, उतारावर पाय रोवून उभी राहते, आणि तिला एफएएचं काही लागत नाही. फोन करण्याआधी फाटकाची रुंदी मोजून ठेवा, पहिला प्रश्न तोच असतो.