आजोबांचा नागा कोयता आणायचाय? मग घासू नका, धार लावू नका

आम्ही जुनी हत्यारं साफ करून देतो. दसरा जवळ आला की आमच्या दुकानात एकाच तऱ्हेचे फोन सुरू होतात. "आजोबांनी बर्माच्या लढाईतून आणलेला कोयता आहे, खंडेनवमीला पूजेत ठेवायचाय, जरा चकाचक करून द्याल का?" दसरा झाला की दुसऱ्या तऱ्हेचे: "आम्ही घरीच घासला, पण आता कसातरीच दिसतोय." या दुसऱ्या मंडळींसाठी आमच्या हातात फारसं काही उरत नाही. म्हणून हे पत्रक पहिल्यांसाठी.

तुम्ही ज्याला नागा कोयता म्हणता त्याला ईशान्येकडच्या नागा डोंगरांत दाओ म्हणतात. १९४४ साली जपानी फौज बर्मातून इम्फाळ-कोहिमावर चालून आली, तेव्हा त्या डोंगरांत आपली माणसं होती. मार्चमध्ये मणिपुरातल्या सांगशाकला लढाई झाली, तिथे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. दारूगोळा वाहणं, जखमींना उचलून खाली नेणं, जपान्यांच्या हालचाली कळवणं ही कामं नागा गावकऱ्यांनी केली. त्या ओळखीतून कुणाला दाओ भेट मिळाला, कुणी काहीतरी देऊन घेतला, आणि तो ट्रंकेतून सातारा-सांगलीकडच्या माळ्यांवर येऊन पडला. आजोबांच्या बिल्ल्यांत बर्मा स्टार हे बर्माच्या लढाईचं पदक असेल (मध्ये तांबडा पट्टा, दोन्ही बाजूंना गडद निळा आणि त्यात नारिंगी रेघ, अशी त्याची फीत), तर गोष्ट जुळते. आजोबा फक्त इटलीत लढले असतील तर मात्र हा कोयता घरात आला कसा, ते एकदा आत्याबाईंना विचारा.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक दाओंना टोक नसतं. पातं मुठीपाशी अरुंद असतं, पुढे रुंद होत जातं आणि शेवटी सरळ कापल्यासारखं संपतं. एक बाजू सपाट असते आणि धार फक्त दुसऱ्या बाजूनं उतरवलेली असते, सुताराच्या पटाशीसारखी. तुमच्याकडचा दाओ आडवा धरून धारेच्या रेषेत बघा, लगेच कळेल. ही एकतर्फी धार म्हणजे त्याची सगळ्यात मोठी ओळख. आणि नेमकी तीच आपण घालवतो. घरातला कुणीतरी हौसेनं तो धारवाल्याकडे नेतो. धारवाला बिचारा सुरी-कोयत्याच्या सवयीनं दोन्ही बाजूंनी चाक लावतो. ठिणग्या उडतात, धारेवर निळसर झाक येते, म्हणजे पोलाद तापून त्याचं पाणी उतरलं, कडकपणा गेला. मग चकाकी हवी म्हणून बफ. दहा मिनिटांत नागा लोहाराच्या हातोडीच्या खुणा गेल्या आणि उरला बाजारातला साधा कोयता. गेलेलं लोखंड आम्ही परत आणू शकत नाही. "मग जुना दिसेल असं काहीतरी करा" असंही लोक म्हणतात. ते आम्ही करत नाही, कितीही पैसे दिले तरी.

धारेवरचे खाचे दिसले तरी हळहळू नका. दाओ हे रोजच्या वापरातलं हत्यार: झूम शेतीसाठी (डोंगरउतारावरची फिरती शेती) झाडी तोडायची, बांबू चिरायचा, सरपण फोडायचं, मांस कापायचं. खाचे त्या कामाचे आहेत. "यानं मुंडकी उडवली असतील का हो?" हा प्रश्न दर वर्षी ठरलेला. पात्याकडे बघून ते सांगता येत नाही, आणि तो काळा डाग रक्ताचा नाही, गंजाचा आहे.

दुसरी गल्लत म्यानाची. दाओचं म्यान म्हणजे लाकडाची एकच फळी, तिच्यात पात्यापुरती खोबण. दुसरी बाजू उघडी, पातं धरायला वर वेताच्या किंवा बांबूच्या पट्ट्या. लोकांना वाटतं अर्धं म्यान हरवलंय. एका गृहस्थांनी सुताराकडून प्लायवूडची दुसरी बाजू ठोकून घेतली होती, चार खिळ्यांनी. खिळे काढायलाच आमची एक सकाळ गेली, आणि जुन्या फळीला गेलेली चीर कायमची. मुठीवर रंगवलेल्या केसांचा झुपका असेल तर तोही घाण समजून कापू नका.

गंजाचं काय करायचं? बोटाला लाल भुकटी लागत असेल तर गंज चालू आहे, तो थांबवायला हवा. काळपट-तपकिरी, घट्ट बसलेला थर आहे तसा राहू द्या. आम्ही शिलाई मशीनचं तेल लावून पातं रात्रभर ठेवतो, लाल गंज बांबूच्या काडीनं सोडवतो, अगदी बारीक स्टील वूल हलक्या हातानं फिरवतो आणि शेवटी मेणाचा पातळ हात देतो. याला आठ-दहा दिवस लागतात. ॲसिडमध्ये बुडवून तासाभरात परत देणारे आहेत, आमच्यापेक्षा स्वस्तही आहेत. तिथून आलेली पाती पुढच्या पावसाळ्यात आमच्याकडे येतात, एवढंच सांगतो.

घरी चिंच, लिंबू, मीठ नको. खोबरेल आणि शेंगदाणा तेलही नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. उकळतं पाणी तर नकोच, कारण अनेक जुन्या मुठी राळेवर किंवा लाखेवर बसवलेल्या असतात. दाओऐवजी नेपाळी खुकरी असेल तर ती चामड्याच्या म्यानात वर्षभर ठेवू नका, ओल आत कोंडते. तिच्या मुठीजवळ वर्षाचा आकडा किंवा शिक्का ठोकलेला असेल तर त्यावर काहीही घासू नका.

पूजा जरूर करा, आमच्याही घरी होते. ओलं हळद-कुंकू पाटावर लावा, पात्यावर कोरड्या अक्षता वाहा, झेंडूचं पाणी निथळून मगच फूल ठेवा आणि त्याच रात्री पुसून तेलाचा हात द्या.

एक कायद्याचं. २०१६ च्या शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची शस्त्रं येतात, खुकरीचं त्यात नावच आहे. घरकामाची आणि शेतीची हत्यारं वगळलेली आहेत, पण दाओ कशात मोडतो यावर रस्त्यात हवालदाराशी वाद घालू नका. ठाण्यात आधी विचारून घ्या, खोक्यात बांधून आणा, आणि जमावबंदी किंवा शस्त्रबंदीचा आदेश असेल त्या दिवसांत आणूच नका.

बघायचे पैसे आम्ही घेत नाही. काम झाल्यावर दाओसोबत एक कार्ड देतो: आजोबांचं नाव, नंबर, पलटण, तुम्ही सांगितलेली हकिकत. सागवानी स्टँड आणि मेणाची डबीही दुकानात मिळते. दसऱ्याआधीचे पंधरा दिवस नवं काम घेत नाही, तेव्हा श्रावणातच या. येताना ट्रंकेच्या तळाशी वेताचे तुकडे, दोरा, लाकडाची ढलपी, जे काही सापडेल ते झाडून एका पिशवीत भरून आणा.